पंप मोठा, धार बारीक

कॅलिफोर्नियातल्या अनेक शाळांच्या भिंती सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांच्या असतात. ठोकळ्यावर ठोकळा चढत गेला की आतल्या पोकळ्या एकमेकींवर येतात आणि पायापासून माथ्यापर्यंत उभ्या नळ्या तयार होतात. त्या नळ्यांत सळया उभ्या करायच्या आणि वरून पातळसर काँक्रीट सोडायचं. पोकळी केवढी, तर सळईच्या बाजूने हाताचा पंजा जेमतेम आत जाईल एवढी. या कामाला दोन इंची होस पुरतो, आणि खरं तर लहानसा पंपही पुरतो. पण इमारत रस्त्यापासून लांब असते, मध्ये जुनं छप्पर असतं आणि लहान पंप नेमका त्या दिवशी भलत्याच साइटवर गुंतलेला असतो. मग येतो तो बूम पंप, आपल्याकडे साइटवर ज्याला बूम प्लेसर म्हणतात तो. अवाढव्य ट्रक, त्याच्या पाठीवर घडी घातलेला पन्नास-साठ मीटरचा हात, आणि ताशी दीडशे घनमीटरहून जास्त माल ढकलण्याची ताकद.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मोठ्या पंपात दोन सिलिंडर असतात. एक माल ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो. 230 मिलिमीटर व्यास आणि 2100 मिलिमीटर धाव हे या यंत्रांतलं नेहमीचं माप. म्हणजे एका धावेत सुमारे 87 लिटर काँक्रीट पुढे सरकतं. तेवढा माल 50 मिलिमीटरच्या होसमध्ये मावायचा तर होस 44 मीटर लांब लागेल. पंपाने नुसतं एकदा खाकरावं आणि तिकडे भिंतीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातून 44 मीटरचा दोरखंड सरसरत निघून जावा, असं हे व्यस्त प्रमाण आहे.

तेव्हा हळू चालवायचं. जो ताशी दीडशे घनमीटर देऊ शकतो त्याने दहा-पंधरा द्यायचे, तेही दिवसभर. ही साधी गोष्ट धर्मविचारातल्या एका फार जुन्या प्रश्नाच्या अगदी जवळ जाते. ज्याच्या अंगी पुष्कळ बळ आहे त्याने ते थोडंच वापरलं, तर त्या थोडं वापरण्याला म्हणायचं काय? तो गुण आहे, की नुसती हुशारी? की समर्थाने मागे सरून आपली जबाबदारी टाळली असं म्हणायचं? ईश्वर सर्वशक्तिमान असेल तर तो जगात एवढा गप्प का, हा प्रश्न याच प्रश्नाचा सर्वांत मोठा नमुना. तो विचारणाऱ्यांनी बहुधा यंत्रांकडे पाहिलेलं नसतं. यंत्र चालवणाऱ्याला मात्र एक गोष्ट पक्की कळलेली असते: मोठं यंत्र जोरात चालवणं सोपं, हळू चालवणं कठीण.

कठीण का, ते पाहू. बूमचा हात आधी वर चढतो आणि मग माथ्यावरून खाली उतरतो. आतली नळी बहुधा 125 मिलिमीटरची. साठ मीटर नळीत पाऊण घनमीटरच्या आसपास, म्हणजे पावणेदोन टन काँक्रीट कायम लटकत असतं. चढत्या भागात मागच्या रेट्यामुळे नळी भरलेली राहते. उतरत्या भागात मात्र पंप मंदावला की माल स्वतःच्याच वजनाने सुटून खाली जातो आणि मागे हवा राहते. पुढची धाव आली की ती हवा दाबली जाते. त्याच वेळी खाली, जिथे मोठी नळी लहान होसला जोडलेली असते तिथे, एखादी खडी आडवी बसलेली असली तर दाब साठत जातो. अडकलेला माल सुटला की दाबलेली हवा एकदम बाहेर पडते आणि होस सापासारखा फटकारतो. या फटक्याने माणसं मेली आहेत. म्हणून जाणते लोक पंप सुरू करताना आणि थांबून पुन्हा सुरू करताना होसच्या टोकापाशी कुणाला उभं राहू देत नाहीत, आणि टोकाला धातूची जोडणी ठेवत नाहीत.

गंमत अशी, की हा धोका वेग कमी केल्यामुळे वाढलेला असतो. नळी सतत भरलेली असती तर हवा शिरली नसती. नुसतं हळू होणं म्हणजे सुरक्षित होणं, असं इथे अजिबात नाही.

उलट टोकही तितकंच वाईट. 125 ची नळी 50 वर आणली की आतलं क्षेत्रफळ सव्वासहा पटींनी घटतं. पंपाने आपला वेग तसाच ठेवला तर होसमधला माल सव्वासहा पट वेगाने धावायला हवा. तो धावत नाही, लाइन चोक होते. काँक्रीट पाण्यासारखं वाहत नाही. नळीच्या भिंतीला सिमेंटच्या स्लरीचा पातळ थर धरून मधला गाभा अख्खाच्या अख्खा पुढे सरकतो. म्हणून सुरुवातीला नुसती स्लरी सोडून नळी आतून ओली करून घेतात. नळीचा व्यास सर्वांत मोठ्या खडीच्या निदान तिप्पट हवा, हा नियम कडक आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या 20 मिलिमीटर खडीला निदान 60 ची नळी लागेल. दोन इंचीत ती जाणारच नाही. म्हणजे होस बारीक करायचा तर मालही बारीक खडीचा मागवायला लागतो, मोठ्या नळीतून लहान होसकडे नेणारा तुकडा लांब उताराचा घ्यावा लागतो आणि बूमचा शेवटचा भाग फार उभा राहणार नाही असा धरावा लागतो. टोकाशी कमी द्यायचं तर उगमापर्यंत सगळं बदलतं.

आणि चालवणारा माणूस असतो कुठे? ट्रकपाशी नसतो. कमरेच्या पट्ट्याला रिमोट बांधून तो भिंतीपाशी, होस धरणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात उभा असतो. त्याचे डोळे पोकळीच्या तोंडावर, कान पंपाच्या आवाजावर. दर धावेला बूम किंचित उसळतो. ती उसळी होस धरणाऱ्याच्या खांद्यापर्यंत पोहोचते. पोकळी भरत आली की होस धरणारा हात वर करतो, पंप थांबतो, होस पुढच्या पोकळीत जातो, पंप पुन्हा सुरू. कोरडे ठोकळे मालातलं पाणी झपाट्याने शोषतात, त्यामुळे भरलेली पातळी थोड्या वेळाने खाली बसते. मग व्हायब्रेटर दुसऱ्यांदा फिरवायचा. भरली म्हणून सोडून दिलेली पोकळी खरं तर भरलेली नसते.

एवढी काळजी कशासाठी, याचं उत्तर 10 मार्च 1933 च्या संध्याकाळी आहे. लाँग बीचला भूकंप झाला तेव्हा शाळा सुटून गेल्या होत्या. सुमारे 120 माणसं गेली. जवळपास 70 शाळा जमीनदोस्त झाल्या, कारण त्यांच्या विटांच्या भिंतींना सळईचा आधारच नव्हता. महिन्याभरात कॅलिफोर्नियाने शाळांच्या बांधकामावर देखरेखीचा कायदा केला, तो फील्ड अ‍ॅक्ट. भिंतीच्या पोटात सळई आणि तिच्याभोवती भरीव माल ही पद्धत तिथे रुजली ती त्या धक्क्यातून. महाराष्ट्राला हे वेगळं सांगायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीत ज्या जाडजूड दगडी भिंती माणसांवर कोसळल्या, त्या बाहेरून भक्कमच दिसत होत्या. आतल्या आणि बाहेरच्या थराला एकत्र बांधणारं काही नव्हतं. भिंतीच्या आत काय आहे ते दिसत नाही, आणि पंप चालवणाऱ्याचा संयम नेमका त्या न दिसणाऱ्या जागेसाठी असतो.

बळ आवरण्याच्या त्या जुन्या प्रश्नासाठी आता पुराणाकडे. गंगावतरणाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण अर्धीच. पृथ्वीला तो प्रपात सोसणार नाही म्हणून शंकराने तो जटेत धरला, इथे बहुतेक कीर्तनं पुढच्या प्रसंगाकडे वळतात. वाल्मीकींच्या बालकांडात मधला एक भाग आहे. शंकराला वाहवत नेऊ अशा तोऱ्यात आलेली गंगा जटेत शिरली आणि तिला बाहेर यायला वाटच सापडेना. वर्षानुवर्षं ती तिथेच फिरत राहिली. भगीरथाला पुन्हा तपाला बसावं लागलं, तेव्हा कुठे शंकराने तिला बिंदुसरात सोडलं आणि तिचे सात ओघ झाले. गाळलेला भाग हाच महत्त्वाचा. बळ अडवणं हे काम एका क्षणाचं. अडवलेलं बळ बेतानं सोडणं हे वेगळं काम आहे, आणि त्यासाठी भगीरथाला वेगळं तप करावं लागलं. साइटच्या भाषेत सांगायचं तर गंगेची लाइन चोक झाली होती.

पश्चिम आशियातही अशीच एक गोष्ट आहे. सोळाव्या शतकात गॅलिलीतल्या साफेद या डोंगराळ गावात इसहाक लुरिया नावाचा ज्यू गूढवादी राहत असे. अडतिसाव्या वर्षी, 1572 मध्ये तो गेला; स्वतः फारसं लिहिलं नाही, शिष्यांनी लिहिलं. त्याची मांडणी अशी, की आरंभी सगळीकडे ईश्वरच भरलेला होता, दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. म्हणून ईश्वराने स्वतःला आवरून घेतलं आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत जग होऊ शकलं. ही मांडणी तत्त्वज्ञांना फार आवडते. पण लुरियाची गोष्ट तिथे संपत नाही. त्या मोकळ्या जागेत ईश्वरी तेज पात्रांमध्ये ओतलं गेलं, पात्रांना ते सोसलं नाही आणि ती फुटली. जगात जे तुटकं-फुटकं आहे ते त्या फुटण्यातून आलं, आणि ते गोळा करून सांधणं हे माणसाचं काम.

सेंटरिंगवाल्याला ही गोष्ट लगेच कळेल. ताजं काँक्रीट घनमीटरला सुमारे 24 किलोन्यूटन भरतं. तीन मीटर उंचीचा साचा एका दमात भरला तर तळाशी दर चौरस मीटरला सात टनांहून जास्त दाब येतो. तोच साचा सावकाश भरला तर खालचा माल आळत जातो, स्वतःला सावरतो आणि दाब त्या आकड्यापर्यंत चढत नाही. माल तोच, पात्र तेच. फरक फक्त किती वेळात भरलं याचा. एका गूढ कल्पनेला साच्याच्या गणितात बसवणं उद्धटपणाचं वाटेल, पण लुरियाच्या गोष्टीतला पेच इथे स्वच्छ दिसतो. ईश्वराने जागा करून दिली हे खरं. मग पात्रं फुटली, म्हणजे ओतताना पात्राकडे पाहिलं गेलं नाही.

विसाव्या शतकात हीच कल्पना हान्स योनासने पुन्हा उचलली. योनास जर्मन ज्यू, तत्त्वज्ञ हायडेगरचा विद्यार्थी. हिटलरच्या काळात देश सोडला, ब्रिटिश सैन्यातल्या ज्यू ब्रिगेडमध्ये लढला. त्याच्या आईला आउशविट्झमध्ये मारलं गेलं. 1984 मध्ये ट्युबिंगन विद्यापीठाने त्याला सन्मान दिला, तेव्हा तिथल्या व्याख्यानात त्याने आउशविट्झनंतर ईश्वराची कल्पना कशी करायची हा विषय घेतला. ईश्वर पूर्ण चांगला आहे, आपल्याला थोडाफार समजतो आणि सर्वशक्तिमानही आहे, या तीन गोष्टी आता एकत्र धरता येत नाहीत, असं त्याचं म्हणणं. चांगुलपणा सोडवत नाही; कळणंच सोडलं तर श्रद्धेला अर्थ उरत नाही; तेव्हा सोडायची ती सर्वशक्ती. जग निर्माण करताना ईश्वराने आपलं बळ पूर्णपणे सोडून दिलं, आणि आता जे करायचं ते माणसाने. त्याआधी पाच वर्षं, 1979 मध्ये, याच योनासने तंत्रज्ञानाच्या युगातल्या जबाबदारीवर ग्रंथ लिहिला होता. माणसाचं बळ एवढं वाढलं आहे, की त्या बळावरही काबू ठेवणारं काही हवं, हा त्याचा गाभा.

दोन्ही मांडण्या एकत्र ठेवल्या की एक अडचण दिसते. योनासचा ईश्वर बळ सोडून निघून जातो, पण योनास माणसाकडे मागतो ते वेगळंच: बळ हातात ठेवून जपून वापरणं. ईश्वराचा नमुना माणसाला उपयोगी पडत नाही. भिंतीवरच्या कामाचा विचार केला तर योनासचा ईश्वर म्हणजे पंप बंद करून गेलेला चालक. त्याने जुलूम केला नाही हे खरं, पण नळीत माल तसाच आहे आणि तो आळतो आहे. आउशविट्झमध्ये आई गमावलेल्या माणसाशी वाद घालताना आवाज खाली ठेवावा, हे मान्य. तरी वाद आहे.

ट्युबिंगनपासून थोड्याच अंतरावर आइख्टाल आहे, आणि बूम पंपांच्या जगातलं एक मोठं नाव, पुट्झमायस्टर, तिथलं. कार्ल श्लेष्टने 1958 मध्ये सुरुवात केली ती गिलावा मारणाऱ्या यंत्रापासून, वडिलांचा धंदा गिलाव्याचा होता. पुढे याच कंपनीच्या पंपाने दुबईच्या बुर्ज खलिफावर 606 मीटर उंचीपर्यंत काँक्रीट चढवलं. श्लेष्टला आयुष्यभर ओढ होती ती नीतिशास्त्राची. हान्स क्युंग या स्विस धर्मपंडिताच्या जागतिक नीतीच्या कल्पनेने तो भारला होता. क्युंग स्वतः ट्युबिंगनलाच शिकवत होता. पोपच्या अचूकपणावर शंका घेतल्यामुळे 1979 मध्ये व्हॅटिकनने त्याचा कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्याचा परवाना काढून घेतला होता. विवेकानंद जिथे गाजले त्या परिषदेला शंभर वर्षं झाली, तेव्हा 1993 मध्ये शिकागोला पुन्हा सर्वधर्म परिषद भरली. सगळ्या धर्मांना मान्य होईल अशा नीतीचा तिथे मांडलेला मसुदा क्युंगने केला होता. 2012 मध्ये ट्युबिंगन विद्यापीठात जागतिक नीतीची संस्था सुरू झाली ती श्लेष्टच्या प्रतिष्ठानाच्या पैशावर.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला पुट्झमायस्टर चीनच्या सानी कंपनीला विकली गेली. कामगारांना ही बातमी सौदा ठरल्यावर कळली आणि त्यांनी कारखान्यापाशी निषेध केला. श्लेष्टच्या हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. नोकऱ्यांबाबत आश्वासनं दिली गेली, कंपनी चालूही राहिली. पण मोठ्या बळाची धार शेवटी ज्यांच्यावर पडते त्यांच्यापाशी उभं राहून ती सोडणं नीतीच्या अभ्यासकालाही साधेल असं नाही, एवढं यातून दिसतं.

या बाबतीत सिमोन वेल अधिक कठोर होती. डिसेंबर 1934 ते ऑगस्ट 1935 या काळात ही तत्त्वज्ञानाची शिक्षिका पॅरिसच्या कारखान्यांत मजुरी करत होती. तिथे तिला छळलं ते वेगाने. नगावर पैसे, त्यामुळे हात थांबले की रोजगार बुडाला, आणि त्या घाईत विचार करणं म्हणजे चैन. बळ दुसऱ्याच्या अंगावर कसं पडतं ते तिने खालून पाहिलं होतं. पुढे धर्मावर लिहिताना तिने ग्रीक इतिहासकार थुसिडिडिसने सांगितलेला मेलोस बेटाचा प्रसंग घेतला. ख्रिस्तपूर्व 416 मध्ये अथेन्सने त्या छोट्या बेटाला सांगितलं, की न्यायाच्या गोष्टी समान बळाच्या लोकांत. बाकी बलवान करतात आणि दुबळे सोसतात. मग बेट घेतलं, पुरुष मारले, बायका-मुलं गुलाम म्हणून विकली. वेलचं म्हणणं असं, की जो बलवान आहे त्याने समोरचा आपल्या बरोबरीचा आहे असं समजून तंतोतंत तसं वागणं, हाच न्याय. आणि हे निसर्गाच्या विरुद्ध असल्यामुळे याला दैवी म्हणावं लागतं. ईश्वरानेही सृष्टी निर्माण करताना हेच केलं, असं ती मानते.

वेलच्या विचारातली दुसरी बाजू म्हणजे अवधान. समोरच्याकडे पूर्ण लक्ष देणं हीच तिच्या लेखी प्रार्थना. हे दोन धागे तिने शेजारी-शेजारी ठेवले आणि भिंत भरताना ते एकच होतात. चालकाने वेग कमी केला, पण होस धरणाऱ्याच्या हाताकडे पाहिलं नाही, तर वेग कमी केल्याचा उपयोग शून्य. वर हवेचा धोका. किती द्यायचं ते पंपाला ठाऊक नसतं, पोकळीला ठाऊक असतं. म्हणून संयम जवळ आल्याशिवाय करताच येत नाही. लांबून केलेल्या संयमाला उदारपणा म्हणता येईल, पण तो आंधळा असतो.

अशोकाचं उदाहरण घ्या. कलिंगच्या संहाराबद्दलचा पश्चात्ताप त्याने तेराव्या शिलालेखात कोरला. इतिहासात असं विरळा. पण प्रत्यक्ष कलिंगात, धौली आणि जौगढला, तो लेख कोरलेलाच नाही; त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. आणि त्याच तेराव्या लेखात अरण्यातल्या लोकांना बजावलं आहे, की पश्चात्ताप झाला असला तरी राजाच्या हाती शिक्षेचं बळ आहे. संयम खरा होता, फक्त तो ज्यांना ऐकवायला हवा होता त्यांच्यापासून लांब होता.

जवळ जाण्याचं उदाहरण मात्र थेट बूम पंपांचंच आहे. मार्च 2011 मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांना थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली, तेव्हा वापरलेलं इंधन ठेवलेल्या तलावांत पाणी घालणं तातडीचं झालं. 17 मार्चला सैन्याच्या हेलिकॉप्टरांनी तिसऱ्या अणुभट्टीवर वरून चार खेपा समुद्राचं पाणी ओतलं. साऱ्या जगाने ते टीव्हीवर पाहिलं: पाण्याचा पडदा वाऱ्याने विस्कटत जाताना. किरणोत्सारामुळे हेलिकॉप्टरांना वर घुटमळता येत नव्हतं आणि बरंचसं पाणी भलतीकडेच गेलं. 22 मार्चला चौथ्या अणुभट्टीपाशी 58 मीटर बूमचा काँक्रीट पंप आणला गेला. त्याचा हात मोडक्या इमारतीवरून आत वळवून टोक तलावावर धरता आलं आणि पाणी जिथे पाहिजे तिथे, पाहिजे तेवढं पडू लागलं. काँक्रीटसाठी बनवलेलं यंत्र तिथे उपयोगी पडलं ते त्याच्या जोरामुळे नव्हे, तर टोक नेमकं नेऊन तिथे स्थिर धरता येतं म्हणून.

वारकरी परंपरेने या प्रश्नाला फार वेगळं उत्तर दिलं आहे, आणि ते कथेत दिलं असल्यामुळे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत त्याची दखल कमी घेतली जाते. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा एक गडी राहिला. कावडीने गोदावरीचं पाणी आणायचं, रांजण भरायचा, पूजेसाठी चंदन उगाळायचं. बारा वर्षं तो हे करत होता. शेवटी द्वारकेहून एक ब्राह्मण देवाचा शोध घेत आला, तेव्हा कळलं की तो गडी म्हणजे स्वतः श्रीकृष्ण. तोवर तो निघून गेला होता. महिपतींनी ही कथा सांगितली आहे, आणि नाथांच्या वाड्यातल्या रांजणात भाविक नाथषष्ठीच्या दिवसांत अजूनही पाणी ओततात.

लुरियाच्या आणि योनासच्या ईश्वराशी श्रीखंड्याची तुलना करण्यासारखी आहे. ते दोघे जागा सोडतात. हा घरात शिरतो. समुद्राचा धनी दोन घागरींच्या मापाने पाणी आणतो, कारण रांजणाला तेवढंच लागतं. जनाबाईबरोबर दळण दळणारा विठ्ठल याच घराण्यातला. या कथांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की देवाने घरकाम केलं म्हणून जनीचं दासीपण संपलं नाही, चोखोबांना देवळाची पायरी ओलांडता आली नाही. आक्षेप रास्त आहे, आणि तो या उत्तराची मर्यादा दाखवतो. जवळ येऊन बेतानं देणारं बळ पोकळी भरेल. चुकीच्या जागी बांधलेली भिंत ते पाडणार नाही. त्याला वेगळं बळ लागतं, आणि तिथे हळूपणाचा आग्रह धरणारे बहुधा भिंतीच्या सोयीच्या बाजूला उभे असतात.

आणखी एक प्रश्न पैशाचा, जो कथांना पडत नाही. पंपाचं भाडं बहुधा तासावर असतं, शिवाय मालाच्या मापावरही. हळू काम म्हणजे भाडं वाढलं आणि माल कमी गेला. ट्रान्झिट मिक्सर रांगेत उभे राहतात. आपल्याकडे रेडी मिक्स काँक्रीट मिसळल्यापासून दोन तासांच्या आत खाली व्हावं असा भारतीय मानकाचा दंडक आहे, आणि उन्हाळ्यात ते दोन तासही भरवशाचे नसतात. म्हणजे हळूपणालाही मुदत असते. मुदत उलटली की जपून ठेवलेला माल नळीतच दगड होतो आणि नळ्या सोडवून हातोड्याने ठोकत बसावं लागतं. संयम करायचा चालकाने, त्याचा फायदा वीस वर्षांनी त्या शाळेत बसलेल्या मुलांना, आणि खर्च आज कंत्राटदाराला. श्रीखंड्याने बारा वर्षांचं बिल लावलं नाही. इथे मात्र तासाभराने मिक्सरचा चालक हॉर्न वाजवतो, कंत्राटदाराचा फोन येतो, आणि रिमोटवरचा वेगाचा खटका आणखी एक घर वर सरकवायचा की नाही, ते पोकळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला ठरवावं लागतं.